सान जिमिन्यानो आणि सिएना: ग्रुप टूरमधला डोंगरगावांचा दिवस नीट कसा पाहावा

इटलीच्या ग्रुप टूरच्या कार्यक्रमात रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही नावं ठळक अक्षरांत छापलेली असतात. त्यांच्या मधे कुठेतरी एक साधी ओळ असते: टस्कनीतली डोंगरावरची गावं, पूर्ण दिवस. बरेच जण ती वाचून पुढे जातात आणि तयारी करतात ती कोलोसियमची. माझं मत उलट आहे. काहीही न वाचता गेलात तरी रोम तुम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. डोंगरावरच्या गावाचं तसं नसतं. तिथे चढ, स्वच्छतागृहाची रांग, आइस्क्रीमची रांग आणि पुन्हा उतार एवढ्यातच दिवस संपतो आणि घरी सांगायला ‘छान होतं, दगडी गाव होतं’ इतकंच उरतं. त्या दिवसाचं सोनं करायचं असेल तर आदल्या रात्री अर्धा तास द्यावा लागतो.

या लेखात फ्लॉरेन्सहून बसने निघून सान जिमिन्यानो आणि सिएना पाहून संध्याकाळी परत येण्याचा दिवस घेतला आहे, कारण आपल्याकडच्या टूरमध्ये हीच जोडी जास्त असते. सान जिमिन्यानोचं जुनं गाव १९९० साली आणि सिएनाचं जुनं शहर १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. तुमच्या टूरमध्ये यांच्याऐवजी ओर्व्हिएतो, पेरुजिया किंवा आसिसी असेल तर ठिकाणं बदलतील, दिवसाची आखणी बरीचशी अशीच राहील.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न, दिवसात किती थांबे? फ्लॉरेन्सहून निघणाऱ्या काही सहली सिएना, सान जिमिन्यानो, क्यांती या द्राक्षमळ्यांच्या भागातलं एखादं वाइनचं तळघर आणि वर पिसाचा मनोरा असं सगळं एका दिवसात बसवतात. असा कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसतो, पण प्रत्यक्षात तुम्ही बसची खिडकी पाहता. दोन गावं पुरे. तिसरं काही हवंच असेल तर ते वाटेवरचं, अर्ध्या तासाचं असावं. पिसा वेगळ्या दिवशी करावं. फ्लॉरेन्सहून रेल्वेने ते सोपं आहे.

दुसरा प्रश्न, स्थानिक गाइड आहे का आणि कोणत्या गावात? इटलीत गाइडचं काम परवानाधारक व्यक्तीनेच करायचं असतं. तुमच्यासोबत मुंबई-पुण्याहून आलेला टूर मॅनेजर बसमध्ये कितीही सुंदर माहिती सांगेल, पण स्मारकांमध्ये नेऊन समजावून सांगायला परवाना असलेला गाइड लागतो. सिएनात गाइड घेतलेला असावाच. सान जिमिन्यानो लहान आहे, ते गाइडशिवाय चालतं.

तिसरा, सिएनाच्या कॅथेड्रलचं तिकीट धरलेलं आहे का? ‘बाहेरून दर्शन’ असं लिहिलेलं असेल तर स्वतःच्या खर्चाने आत जायला वेळ मिळेल का, हे आधीच ठरवून घ्या.

चौथा, तारीख. सिएनात दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालियो ही घोड्यांची शर्यत होते. त्या दिवशी आणि आधीच्या काही दिवसांत मुख्य चौकात माती पसरलेली असते, सराव शर्यती चालू असतात आणि गावात पाय ठेवायला जागा नसते. पालियो मुद्दाम पाहायला जाणं वेगळं. ग्रुप टूरच्या तीन तासांत मात्र त्या गर्दीतून काहीच हाती लागत नाही. शक्य असेल तर त्या तारखा टाळाव्यात.

वेळेचं खरं गणित

मोठी बस या गावांच्या वेशीच्या आत जात नाही. ती खाली ठरलेल्या जागी तुम्हाला उतरवते, तिथून चढ पायीच. टूर मॅनेजर ‘इथे दोन तास’ म्हणतो तेव्हा त्यात बसमधून चाळीस जण उतरणं, मोजणी, चालत वेशीपर्यंत पोहोचणं, स्वच्छतागृह आणि परतीची वाट हे सगळं धरलेलं असतं. हे वजा केलं की हातात तास-सव्वा तास उरतो. हा सव्वा तास कशावर घालवायचा, हे गावात शिरल्यावर ठरवायला गेलात तर त्यातला अर्धा ठरवण्यातच जातो.

म्हणून माझा नियम असा: प्रत्येक गावात एकच गोष्ट ‘आत जाऊन’ पाहायची आणि एका जागी निवांत बसायचं. बाकीचं चालता चालता जेवढं दिसेल तेवढं. चार गोष्टी धावत पाहणाऱ्यांपेक्षा एक नीट पाहणारे संध्याकाळी जास्त खूश असतात, हे मी ग्रुपमागून ग्रुप पाहत आले आहे.

परतीच्या वेळेबद्दल एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. युरोपातल्या नियमांनुसार बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसभरात साधारणपणे नऊ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही, आणि दोन दिवसांच्या कामामधली विश्रांतीही ठरलेली असते. गाडीतलं यंत्र हे सगळं नोंदवतं आणि नियम मोडला तर दंड होतो. एक कुटुंब वीस मिनिटं उशिरा आलं की चालकाचा दिवस लांबतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस उशिरा निघू शकते. टूर मॅनेजर वेळेसाठी मागे लागतो त्याचं कारण हे आहे.

आदल्या रात्री

बूट रबरी, पकड असलेल्या तळव्याचे हवेत. गल्ल्यांतले दगड शतकानुशतकं पाय लागून गुळगुळीत झालेत आणि पाऊस पडला की त्यावरून घसरायला होतं. साडी नेसणाऱ्या काकू-मावशींनी त्या दिवशी सलवार-कमीज किंवा पँट घातलेली बरी. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, हा नियम पुरुषांनाही आहे. एक सुती ओढणी किंवा पातळ शाल पिशवीत असली की उन्हात डोक्यावर आणि चर्चमध्ये खांद्यावर, दोन्हीकडे कामाला येते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांवर जातो आणि चौकांमध्ये सावली कमी असते. टोपी विसरू नका.

सुटे युरो जवळ ठेवा. सार्वजनिक स्वच्छतागृहाला साधारण एक युरोपर्यंत पैसे पडतात आणि काही ठिकाणी नाणंच लागतं. पाण्याची बाटली रिकामी झाली तरी फेकू नका. चौकात नळ असतात, ‘पोताबिले’ अशी पाटी असेल तर पाणी पिण्यालायक. ‘नोन पोताबिले’ असेल तर हात धुवायला.

खाऊचा डबा न्यावा. ठेपले, चिवडा, लाडू, सुकी लसणाची चटणी. चटणीचा खास उल्लेख करतेय, त्याचं कारण जेवणाच्या भागात येईल.

फोनमध्ये टूर मॅनेजरचा नंबर आणि हॉटेलच्या कार्डाचा फोटो असावा. ग्रुपमध्ये प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून द्या, म्हणजे मोजणीच्या वेळी ‘माझा जोडीदार आहे’ एवढं सांगितलं की काम होतं.

बसमध्ये

फ्लॉरेन्सहून सान जिमिन्यानोला साधारण सव्वा तास लागतो. शेवटच्या टप्प्यात वळणं आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीट मागून घ्याव्यात आणि गोळी निघण्यापूर्वी घ्यावी. गाव दिसायला लागलं की पोटात ढवळतंय, अशा वेळी गोळीचा उपयोग नसतो.

या सव्वा तासात गावं डोंगरावर का, हे मनाशी पक्कं करून घेतलं तर पुढचं सगळं उलगडतं. रोमनांच्याही आधी इथे राहणाऱ्या इट्रस्कन लोकांच्या काळापासून इथली वस्ती उंचावर राहिली आहे. उंचावरून शत्रू दिसतो, हे एक कारण. सखल भागात दलदल होती आणि तिथे हिवतापाने माणसं मरत, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे रस्ता. मध्ययुगात उत्तर युरोपातून रोमकडे जाणारे यात्रेकरू आणि व्यापारी ‘व्हिया फ्रान्चिजेना’ नावाच्या वाटेने जात. सान जिमिन्यानो आणि सिएना दोन्ही त्या वाटेवर. पैसा तिथून आला.

तो पैसा अचानक थांबला. १३४८ साली प्लेग आला आणि दोन्ही गावांची निम्मी-अधिक माणसं गेली असं मानतात. सान जिमिन्यानो १३५३ मध्ये फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेलं. सिएना आणखी दोनशे वर्षं झगडत राहिलं, आणि १५५५ मध्ये तेही पडलं. श्रीमंत गावं जुनी घरं पाडून नवी बांधतात. या दोघांकडे तेवढा पैसा पुन्हा आला नाही, म्हणून चौदाव्या शतकातलं गाव आज आपल्याला उभं दिसतं. जे सुंदर दिसतं ते एका मोठ्या दुःखानंतर जसंच्या तसं राहून गेलेलं आहे, हे ध्यानात ठेवून गल्लीत शिरा.

सान जिमिन्यानो: सकाळी, शक्य तितक्या लवकर

कार्यक्रमाचा क्रम तुमच्या हातात असेल तर हे गाव आधी घ्या. लहान आहे, आणि अकरानंतर बसमागून बस येऊ लागतात. साडेनवाच्या आत पोहोचलात तर मुख्य रस्ता जवळजवळ तुमचाच.

पोर्ता सान जोव्हान्नी या दक्षिणेच्या वेशीतून आत शिरा. सरळ वर जाणाऱ्या व्हिया सान जोव्हान्नीवर दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. इथे थांबू नका. खरेदी उतरताना करा, नाहीतर चढतानाच पिशव्या हातात येतात आणि वेळही जातो. सात-आठ मिनिटांत तुम्ही पियाझ्झा देल्ला चिस्तेर्ना या त्रिकोणी चौकात पोहोचता. मधोमध १२७३ सालची विहीर आहे. तिच्या दगडी काठावर बोट फिरवून पाहा. आपल्याकडे जुन्या आडाच्या काठावर दोर घासून जशा खाचा पडतात तशाच इथे पडल्या आहेत. फोटो सगळे काढतात, खाचा फार थोडे जण पाहतात.

आता मनोरे. एके काळी गावात ७२ होते असं सांगतात, आज १४ उरलेत. श्रीमंत घराणी एकमेकांवर कुरघोडी करायला ते बांधत. आर्दिंगेल्ली आणि साल्वुच्ची या दोन घराण्यांचं वैर गावाच्या इतिहासात ठायी ठायी भेटतं. मनोऱ्याच्या भिंतीवर चौकोनी भोकांच्या ओळी दिसतील. त्यात लाकडी तुळया खोचून बाहेरच्या बाजूला सज्जे काढत असत. लाकूड गेलं, भोकं राहिली. ती दिसली की हे मनोरे नुसते दिमाखाचे खांब नव्हते, माणसं त्यात राबत-वावरत होती, हे कळतं.

शेजारच्या पियाझ्झा देल दुओमोत तुमची निवड करायची वेळ येते. दोन पर्याय आहेत आणि दोन्ही करायचा मोह टाळा.

पाय दणकट असतील तर तोर्रे ग्रोस्सा. १३११ साली पुरा झालेला, ५४ मीटर उंच, गावातला सगळ्यात उंच मनोरा. दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत, पण जिना आता नवा आणि बऱ्यापैकी रुंद आहे; शेवटचा टप्पा तेवढा अरुंद. त्याच तिकिटात नगरपालिकेच्या जुन्या इमारतीतलं संग्रहालय येतं. तिथल्या सभागृहात १३०० च्या सुमारास कवी दान्ते फ्लॉरेन्सचा दूत म्हणून बोलायला आला होता. भिंतीवर लिप्पो मेम्मीने १३१७ साली रंगवलेलं सिंहासनावरच्या मेरीचं भव्य चित्र आहे.

गुडघे कुरकुरत असतील, किंवा चित्रांची ओढ असेल, तर कोल्लेज्याता हे मुख्य चर्च. बाहेरून अगदी साधं, आत दोन्ही भिंती चित्रांनी भरलेल्या. उजव्या बाजूला सांता फिनाचं छोटं देवघर आहे. फिना ही गावातली मुलगी, आजारपणात लाकडी फळीवर पडून राहिली आणि १२५३ मध्ये लहान वयात गेली. तिच्या अंत्यविधीचं चित्र गिर्लान्दायोने काढलं आहे. मिकेलांजेलो लहानपणी ज्याच्या हाताखाली शिकला तोच हा चित्रकार. चित्रातल्या पार्श्वभूमीकडे नीट पाहा. तिथे सान जिमिन्यानोचे मनोरे रंगवलेले आहेत. बाहेर येऊन मान वर केली की तेच मनोरे समोर. मला विचाराल तर तोर्रे ग्रोस्सापेक्षा मी हे निवडेन.

बसायला कुठे जायचं? चौकातल्या पायऱ्यांवर गर्दी असते. चर्चच्या मागून पाच मिनिटं वर चाललात तर रोक्का दी मोन्तेस्ताफोली या पडक्या किल्ल्याची बाग लागते. फुकट आहे, ऑलिव्हची झाडं आहेत, आणि बुरुजावरून मनोरे आणि खालची द्राक्षांची शेतं एकदम दिसतात. ग्रुपचा फोटो इथेच घ्या.

उतरताना खरेदी. इथलं केशर प्रसिद्ध आहे. मध्ययुगात गावाला याच केशराने पैसा दिला. महाग असतं, चिमूटभराची डबी घ्यावी. वाइन पिणाऱ्यांसाठी इथली पांढरी व्हर्नाच्चा. १९६६ मध्ये मूळ ठिकाणाचा सरकारी दर्जा मिळालेली ही इटलीतली पहिली वाइन. बाटली घेतलीत तर ती विमानात चेक-इन बॅगेतच जाईल, हे विसरू नका. चामड्याच्या पिशव्या इथे घेऊ नका, फ्लॉरेन्समध्ये निवड जास्त मिळते.

दुपारचं जेवण

हॉटेलांची स्वयंपाकघरं साधारण साडेबारा ते अडीच चालतात, नंतर थेट संध्याकाळी सात-साडेसातला. पावणेतीनला टेबल शोधायला गेलात तर सँडविचवरच भागवावं लागतं. म्हणून जेवण सिएनात पोहोचल्याबरोबर उरकावं, फिरणं नंतर.

शाकाहारी मंडळींसाठी टस्कनी बरीच सोयीची आहे. पिची नावाचा हाताने वळलेला जाड शेवयांसारखा पास्ता बहुतेक ठिकाणी नुसत्या पीठ-पाण्याचा असतो. तो ‘आल्लाल्योने’ मागा, म्हणजे भरपूर लसूण आणि टोमॅटोचा रस्सा. पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव. रिबोल्लीता म्हणजे पाव, घेवडा आणि पालेभाजी यांचं दाट कालवण. रिबोल्लीतात कधी कधी मांसाचं पाणी घालतात, त्यामुळे विचारून घ्या. ‘सोनो वेजेतारियाना’ (पुरुषांनी ‘वेजेतारियानो’) आणि मग ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’ एवढं म्हणता आलं तरी पुरतं. अंडं नको असेल तर ‘सेन्झा उओवा’. कडक शाकाहारी आणि जैन मंडळींनी एवढं जाणून घ्यावं की पार्मेजान आणि पेकोरिनो ही चीज बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावलेली असतात. ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हटलं की वरून किसून घालणार नाहीत.

इथल्या पावात मीठ नसतं. टस्कनीची ही जुनी रीत आहे, आणि आपली माणसं पहिल्या घासाला हमखास चेहरा करतात. ऑलिव्हच्या तेलावर तुमची लसणाची चटणी भुरभुरून त्यात हा पाव बुडवून खाऊन पाहा. चटणी आणायला का सांगितलं ते कळेल. मात्र हे बागेत, बाकावर करा. रेस्तराँमध्ये स्वतःचा डबा उघडू नये.

बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी काही रक्कम दिसेल, ती टेबलाची, फसवणूक नव्हे. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते, बसून मागवली की दर वाढतो. आणि काउंटरवरच्या एका एस्प्रेसोत तुम्हाला स्वच्छतागृहही मिळतं. एवढ्या मोठ्या ग्रुपने मात्र एकाच कॅफेत घुसू नये, चार-पाच कॅफेंत विभागावं.

सिएना: दुपार ते संध्याकाळ

सान जिमिन्यानोहून सिएनाला जायला साधारण एक तास लागतो. वाटेत महामार्गावरून मोन्तेरिज्जोनी दिसतं. टेकडीच्या माथ्यावर गोल तटबंदी आणि तिच्यात चौदा बुरूज. सिएनाच्या लोकांनी १२१३ ते १२१९ च्या दरम्यान फ्लॉरेन्सवर नजर ठेवायला ही चौकी उभारली. बसमधून पाहिलं तरी चालतं.

सिएनात तुम्ही कुठे उतरता हे टूर मॅनेजरला आधी विचारा. फोन्तेब्रांदाच्या बाजूला उतरलात तर खालून कॅथेड्रलच्या जवळपर्यंत सरकते जिने आहेत, चढ बराच वाचतो. सान दोमेनिको चर्चच्या बाजूला उतरलात तर तुम्ही आधीच उंचावर आहात. या दुसऱ्या वाटेने गेलात तर सान दोमेनिकोत पाच मिनिटं डोकवा. संत कॅथरीन याच भागातल्या. त्यांचा जन्म १३४७ चा, मृत्यू १३८० मध्ये रोममध्ये. त्यांचं शरीर रोममध्ये आहे आणि शिर इथे, सान दोमेनिकोत जपलेलं. इथे फोटो काढू नयेत, कुजबुजही नको. लोक प्रार्थनेला आलेले असतात.

तिथून चौकाकडे चालताना भिंतींच्या कोपऱ्यांवर लक्ष ठेवा. सिएना १७ मोहल्ल्यांत विभागलेलं आहे, त्यांना कोंत्रादा म्हणतात, आणि बहुतेकांची खूण एखादा प्राणी आहे: हंस, गोगलगाय, कासव, सुरवंट, घुबड, साळिंदर, जिराफ. कोपऱ्यावरच्या लहानशा फरशीवर किंवा झेंड्यावर ती खूण दिसते. एक खूण संपून दुसरी सुरू झाली की तुम्ही मोहल्ल्याची हद्द ओलांडली. प्रत्येक कोंत्रादाचं स्वतःचं चर्च, संग्रहालय आणि कारंजं असतं. पालियोत एका वेळी दहाच कोंत्रादा धावतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना प्राणी शोधायला लावा, चढ कधी संपला ते कळणार नाही.

पियाझ्झा देल काम्पो हा चौक शिंपल्यासारखा पसरट आणि खोलगट आहे. विटा तिरप्या बसवल्या आहेत आणि पांढऱ्या दगडाच्या रेघांनी त्याचे नऊ भाग पाडले आहेत. १२८७ ते १३५५ या काळात सिएनावर नऊ जणांच्या मंडळाची सत्ता होती. हे नऊ भाग त्यांची आठवण. इथे उभं राहून फोटो काढून निघू नका. वरच्या कडेला, फोन्ते गाया कारंज्याच्या खालच्या अंगाला विटांवर बसा. उतार असा आहे की पाठ आपोआप मागे रेलते आणि समोर पालाझ्झो पुब्लिको (नगरपालिकेची जुनी इमारत) आणि त्याचा तोर्रे देल मान्ज्या मनोरा येतो. निदान वीस मिनिटं द्या. सिएनात बसायची जागा हीच. चौकाला लागून असलेल्या रेस्तराँत मात्र जेवू नका. मागच्या गल्लीत तोच पास्ता कमी पैशांत मिळतो.

आत जाऊन पाहायची एक गोष्ट कोणती? तीन पर्याय आहेत.

तोर्रे देल मान्ज्या, सुमारे ४०० अरुंद पायऱ्या. ग्रुप टूरच्या दिवशी हा नको. एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात आणि रांगेतच वेळ जातो.

कॅथेड्रल. काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे पट्टे हे सिएनाचेच रंग. जमिनीवर दगडी चित्रांचे ५६ फलक आहेत. एरवी त्यातले बरेच झाकलेले असतात, उन्हाळा सरताना काही आठवडे सगळे उघडे करतात. आत डावीकडे पिक्कोलोमिनी ग्रंथालय आहे. पिन्तुरिक्कियो या चित्रकाराची भित्तिचित्रं काल रंगवल्यासारखी ताजी आहेत. ते चुकवू नका, बरेच ग्रुप दारावरूनच परततात. बाहेर आलात की शेजारी एक उंच, एकटी भिंत दिसेल. १३३९ मध्ये सिएनाने हे कॅथेड्रल आणखी प्रचंड करायचं ठरवलं, काम सुरू झालं आणि १३४८ च्या प्लेगने ते थांबलं. ती भिंत म्हणजे न झालेल्या कॅथेड्रलची दर्शनी बाजू. सकाळी बसमध्ये ज्या प्लेगबद्दल बोललो त्याचा पुरावा इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही.

आणि पालाझ्झो पुब्लिकोतलं संग्रहालय, जिथे आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रं भिंतींवर काढली. चांगल्या कारभाराच्या शहरात गवंडी इमारतीवर काम करताहेत, शिक्षक शिकवतोय, चपला विकायला ठेवल्या आहेत, गाढवांवर माल येतोय. वाईट कारभाराच्या बाजूला शेतं उजाड. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या बैठकीच्या खोलीत, रोज डोळ्यांसमोर राहावं म्हणून हे काढून घेतलं. तिथे डागडुजीचं काम काढलेलं असलं तर दालन बंद असू शकतं, म्हणून तिकिटाआधी चौकशी करा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कॅथेड्रल घ्यावं. पुन्हा जाणाऱ्याने लोरेन्झेत्ती.

घरच्यांसाठी पानफोर्ते घ्या: सुकामेवा, मध आणि मसाल्यांचा घट्ट गोड पदार्थ, टिकतो भरपूर. बदामाची रिच्यारेल्ली बिस्किटं छान लागतात, पण त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो.

चढ झेपत नसेल तर

दर ग्रुपमध्ये दोन-चार आजी-आजोबा असतात ज्यांना वाटतं, आपल्यामुळे इतरांचा खोळंबा नको, आपण बसमध्येच बसू. त्यांना बसू देऊ नका. चालक बस दूर पार्किंगला नेतो, तिथे ना सावली ना स्वच्छतागृह. सान जिमिन्यानोत त्यांना सावकाश, दोनदा थांबत विहिरीच्या चौकापर्यंत आणा आणि कॅफेत बसवा. तेवढ्यावरही गाव पाहिल्याचं समाधान मिळतं. सिएनात टॅक्सी जुन्या शहरात शिरू शकते. इटलीत ती हात दाखवून थांबत नाही, स्टँडवरून किंवा फोनवरून घ्यावी लागते. कॅफेतल्या माणसाला सांगितलं तर तो फोन करून देतो. प्रत्येक ज्येष्ठासोबत घरचंच नव्हे, ग्रुपमधलं एक तरुण माणूस ठरवून ठेवा, म्हणजे मुलगा-सून यांनाही तासभर मोकळं फिरता येतं.

वाट चुकलात किंवा बस चुकली तर

चुकल्याचं लक्षात आलं की शोधत फिरू नका. ठरलेल्या भेटीच्या जागी जा आणि तिथेच थांबा. भेटीची जागा दाखवतात तेव्हाच तिचा फोटो काढून ठेवा, मागची पाटी दिसेल असा. तब्येतीची अडचण असेल तर ११२ हा आपत्कालीन नंबर. बस खरोखरच गेली, तर सिएनाहून फ्लॉरेन्सला थेट बस आणि रेल्वे दोन्ही आहेत. सान जिमिन्यानोला रेल्वे स्टेशन नाही, तिथून बसने पोज्जीबोन्सीला उतरून रेल्वे धरावी. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो.

मराठी ग्रुपने वाट थोडी वाकडी करावी अशी दोन ठिकाणं

सकाळी ज्या मुलुखातून बस जाते त्याच भागात, मोन्तेस्पेर्तोलीजवळ, मोन्तेगुफोनी नावाचा जुना किल्लेवजा वाडा आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयातली मौल्यवान चित्रं बॉम्बपासून वाचवायला इथे आणून ठेवली होती, बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ त्यातलंच. १९४४ च्या उन्हाळ्यात युद्धाची आघाडी इथून पुढे सरकली तेव्हा वाड्यात आणि चित्रांच्या पहाऱ्यावर होते ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान. आदल्या दिवशी उफ्फीझीत ‘प्रिमावेरा’समोर उभे राहिलात तर हे आठवा, आणि गाइडलाही सांगा.

दुसरं ठिकाण शेजारच्या उंब्रिया प्रांतात, पेरुजियाच्या उत्तरेला, मोन्तोने. तेही डोंगरावरचंच, तटबंदीचं लहान गाव. त्या परिसरात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. तुकडीतले सोबती पडल्यावर त्यांनी एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चाल केली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ च्या जुलैमध्ये मोन्तोने गावाने त्यांच्या आणि इटलीत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं.

तयार टूरमध्ये मोन्तोने सहसा नसतं. पण पंधरा-वीस नातेवाईक किंवा सोसायटीतली मंडळी मिळून स्वतःचा ग्रुप करत असाल, तर आसिसी-पेरुजियाच्या दिवशी छोटी बस घेऊन ते जोडता येतं. कोटेशन मागतानाच नाव लिहून द्या. बस आणि चालकाचे तास ठरल्यावर असा थांबा घुसवणं अवघड जातं.